थोरलीची फळी

१

बाजारात त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. सुतार बरेच होते, पण गिऱ्हाईक "चालेल हो" म्हणत असताना केसभर फरकासाठी अख्खी चौकट उखडून पुन्हा बसवणारा हा एकटाच. बायको विजेची कामं करायची. तिला तो लाडात वायरमनीण म्हणायचा, आणि ती रागावलेली असली की वायरमनीणबाई. दोघांचं मिळून एक पत्र्याच्या छपराचं वर्कशॉप होतं, आणि गेल्या दहाबारा वर्षांत एका वेगळ्याच कामासाठी त्यांचं नाव झालं होतं. घरात पाळलेल्या मोठ्या सापांसाठी ते पेटारे बांधून देत.

सुरुवात अपघातानेच झाली. एका गृहस्थांचा अजगर माशांच्या टाकीचं झाकण उचलून निघाला आणि शेजाऱ्यांच्या कपडे धुवायच्या मशीनमध्ये जाऊन बसला. शेजारीणबाईंनी झाकण उघडलं आणि पुढचे सहा महिने त्यांनी कपडे हातानेच धुतले. त्या गृहस्थांसाठी मिलिमीटरने पहिला पेटारा केला. तिथून कानोकानी कामं येत गेली.

"साप म्हणजे हातपाय नसलेला कुलूपतोड्या," तो नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा. "तो फट शोधत नाही. त्याच्याकडे वेळ एवढा असतो की फटच त्याला सापडते."

एका सकाळी फोन आला. पलीकडून म्हातारा, गोड आवाज.

"मिस्त्री, आमच्या थोरलीसाठी जागा करून हवी आहे. स्वतंत्र. पक्की."

"करू की. मुलीचं वय काय?"

"एकतीस."

मिलिमीटरने पेन्सिल कानामागून काढली. "पलंगाचं माप घ्यायला उंची लागेल."

"चौदा फूट दोन इंच," आवाज म्हणाला. "पण पलंग नको. तिला फळी आवडते."

२

फोन करणारे दातांचे डॉक्टर होते. आता निवृत्त. आयुष्यभर लोक त्यांच्या दारात थरथरत उभे राहिले, आणि ते घरी येऊन चौदा फुटी अजगराला "आ कर बघू" म्हणत राहिले. थोरली हे तिचं नाव त्यांच्या बायकोने ठेवलेलं. मुलगा व्हायच्या दोन वर्षं आधी तिने ते हातभर लांबीचं पिल्लू रीतसर परवाना काढून घरात आणलं होतं. म्हणून ती थोरली आणि मुलगा धाकटा. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. थोरली होती.

मागच्या बाजूची ऊन येणारी एक खोली तिला दिलेली होती. दाराला साधी कडी, खिडकीला जाळी, कोपऱ्यात पाण्याचा टब. मिलिमीटर आत गेला तेव्हा ती जुन्या टेबलावर पडली होती, रुंद, तपकिरी, उन्हात तेल लावल्यासारखी. तिने मान एवढीशी उचलली, त्याच्या रोखाने जीभ बाहेर काढली, आणि मान पुन्हा ठेवून दिली. नापास केलं नाही, एवढंच.

"मला आता समोरचं धूसर दिसतं," डॉक्टर म्हणाले. "मुलगा-सून म्हणतात, एकटं राहू नका, आम्ही येतो. नात झाली आहे, महिन्याची. पण सुनेची एकच अट आहे."

"पेटारा."

"बरोबर आहे तिचं. मी तिच्या जागी असतो तर हीच अट घातली असती." ते टेबलापाशी गेले, न चाचपडता. थोरलीच्या पाठीवर त्यांचा हात अचूक पडला. "फक्त, मिस्त्री, हिला शिक्षा वाटता कामा नये."

मिलिमीटरने सुतळी काढली. एवढ्या मोठ्या सापाला ताणून मोजत नाहीत. तो चालू लागला की सुतळी पाठीवरून सोडत जायची. वायरमनीण मध्यभागी उभी राहिली, कारण दहा फुटांहून लांब सापाला एकट्याने हात लावायचा नाही हा त्या दोघांचा नेम होता. थोरली सावकाश टेबलावरून उतरली आणि वायरमनीणच्या चपलेवरून निघून गेली.

"कशी वाटली?" बाहेर आल्यावर त्याने विचारलं.

"सासूबाईंसारखी," ती म्हणाली. "बोलत नाही, पण खोलीत आहे हे विसरता येत नाही."

३

आठ फूट लांब, चार फूट खोल, साडेतीन फूट उंच. पाण्याला दाद न देणारा प्लाय, आतून सगळे सांधे भरून गुळगुळीत. एकही स्क्रू आतल्या बाजूला डोकावणार नाही. हवेची भोकं करंगळी जाणार नाही एवढी, आणि त्यांवरची जाळी बाहेरून, कारण बाहेर पडायचं मनात आलं की साप नाक घासत राहतो आणि जाळी आतून असली तर नाक सोलून निघतं. छताला सपाट हीटर, भोवती पिंजरा, म्हणजे अंग भाजायचं नाही. तापमान राखायला एक यंत्र, ते बिघडलं तर दुसरं. समोर जाड काचेची दोन सरकती दारं, प्रत्येकाला वेगळं कुलूप.

सून स्वतः वर्कशॉपात आली. बाळ छातीशी, हातात वही. वहीत सतरा प्रश्न. काच किती वजन सोसते? दारं खाचेतून वर उचलली जातात का? वीज गेली तर? कुलूप लावायचं राहिलं तर मला कसं कळेल?

मिलिमीटरला ती फार आवडली. असं गिऱ्हाईक रोज मिळत नाही. शेवटच्या प्रश्नावर तो अर्धा दिवस बसला आणि दारांच्या कडेला लाल पट्टी लावली. कुलूप उघडं असलं की ती खोलीच्या दारातूनही दिसायची.

"तुम्ही तिला हात लावलाय कधी?" वायरमनीणने विचारलं.

"नाही." सून बाळाचं टोपडं नीट करत राहिली. "लग्नाला चार वर्षं झाली. बाबा म्हणतात, ती काही करत नाही. मला माहितीय. पण ती बघत असते ना, काकू. आणि पापणी नाही. मला कळतच नाही ती झोपलीय की बघतेय."

शेवटी फळी बसवली. सहा फूट लांब, हीटरखाली, थोरलीच्या आवडीची. मिलिमीटरने तिच्यावर एक्केचाळीस किलो वाळूच्या पिशव्या ठेवल्या, तेवढंच थोरलीचं वजन होतं, आणि खालून माप घेतलं. मधोमध चार मिलिमीटर बाक. पिशव्या उतरवल्या, फळी पुन्हा सुतासारखी सरळ. फळीच्या खालच्या अंगाला त्याने पेन्सिलीने बारीक 'चार' लिहून ठेवला. ही त्याची सवयच होती.

४

थोरली पेटाऱ्यात स्वतःहून गेली. कुणी ढकललं नाही, उचललं नाही. दारं सरकवून ठेवली, डॉक्टर बाजूला खुर्ची टाकून बसले, आणि तासाभरात तिने सगळे कोपरे जिभेने तपासून फळीवर वेटोळं घातलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "पसंत पडलं," ते म्हणाले.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांचा फोन आला. आवाजात गोडवा नव्हता.

"मिस्त्री, जरा येता का? एक खोकं करायचं आहे."

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या होत्या. आजार नव्हता, इजा नव्हती. वय झालं होतं. सून आणि धाकटा अजून राहायला यायचे होते. मिलिमीटरने तीन फुटी चौकोनी खोकं केलं, कडा घासून गोल केल्या. कुणाला बोचणार होत्या कोण जाणे! त्याने आणि बायकोने तिला फळीवरून उतरवलं. डोकं त्याच्या हातात होतं. मेलेलं ओझं जास्त जड लागतं म्हणतात, ते खरं आहे. मागच्या अंगणात त्यांनी तिला पुरलं, आणि डॉक्टरांनी मातीवरून हात फिरवला, तसाच, अचूक.

"पेटारा काढून नेऊ का?" त्याने बेताने विचारलं.

"राहू दे थोडे दिवस. आणि वहिनी, तो हीटर..." ते वायरमनीणकडे वळले. "चालू असला तर चालेल ना? खोली गार पडली की मला चुकल्यासारखं होतं."

"चालेल," ती म्हणाली. "दारं मात्र उघडी ठेवा. रिकाम्या पेटाऱ्याला कुलूप कशाला?"

घरी येताना वळणावर ती म्हणाली, "एवढं कसलं वाईट वाटून घ्यायचं, साप होता." आणि पदराने नाक पुसलं.

५

दीड महिन्याने सुनेचा फोन आला. ती लोकं आता राहायला आली होती. धाकटा सकाळी कामावर जायचा तो दिवेलागणीला यायचा. दुपारी घरात बाबा, ती आणि बाळ.

"काका, काही मोठं नाही. ती फळी करकरते. एखादा स्क्रू ढिला झाला असेल."

"रिकामी फळी करकरते?"

"रोज दुपारी. बाळाला मी त्याच खोलीत झोपवते, जमिनीवर गादी घालून. ऊबदार असते ना. तिचा डोळा लागत आला की करकरते. तिची झोपमोड होत नाही म्हणा. उलट रडत असली तर गप्पच होते."

मिलिमीटर हत्यारांची पिशवी घेऊन गेला. दुपारचे दोन वाजले होते. डॉक्टर पुढच्या खोलीत रेडिओ ऐकत होते. बाळ नुकतंच आंघोळ करून सुनेच्या मांडीवर होतं. पेटाऱ्याची दारं पार सरकवलेली, आत स्वच्छ, टब कोरडा. त्याने वाकून फळीवर सरळ पट्टी ठेवली.

पट्टीखालून उजेड दिसला.

टोकांना फळी पट्टीला टेकत होती, मध्ये नव्हती. त्याने खालून माप घेतलं. चार. त्याने फळीवरून हात फिरवायचा म्हणून उचलला, आणि का कोण जाणे, तो हात तसाच मागे घेतला.

ओल धरली असेल, तो मनाशी म्हणाला. प्लाय आहे, लाकूडच शेवटी. दीड महिना वर गरम, खाली गार. बाक येणारच. नेमका चार, हा योगायोग. तो पेचकस आणायला पिशवीकडे गेला. मागे, अगदी हलकेच, फळी करकरली. कुणीतरी बाकावरून उठावं तशी. तो परत आला आणि पट्टी ठेवली.

पट्टीखालून उजेड येत नव्हता. फळी सुतासारखी सरळ होती.

"सापडला का स्क्रू?" सुनेने विचारलं.

"हं," मिलिमीटर म्हणाला, आणि जिथे काही ढिलं नव्हतं तिथे त्याने पेचकस दोनदा फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने गिऱ्हाइकाला खोटं सांगितलं.

६

वायरमनीण हसली नाही, हेच त्याला जड गेलं. ती हसली असती तर बरं झालं असतं.

"तुमचं माप चुकलं असेल," ती म्हणाली, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते वाक्य त्या घरात कधी कुणी उच्चारलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः बरोबर आली. तापमानाच्या यंत्रात हीटर कधी चालू झाला, कधी बंद झाला, याची नोंद राहते. सून स्वयंपाकघरात होती तेवढ्यात तिने ती नोंद उतरवून घेतली आणि बाहेर पायरीवर बसून वाचली. बराच वेळ वाचली.

"एक सांगा," ती म्हणाली. "रिकामं पातेलं तापायला वेळ लागतो की भरलेलं?"

"भरलेलं."

"थोरली असताना हीटर एकदा लागला की पंचवीस-तीस मिनिटं चालायचा. तिच्या अंगात ऊब मुरायची ना. ती गेली त्या दिवसापासून सात मिनिटं. आठ. रिकामं पातेलं." तिने बोट खाली सरकवलं. "हे पंधरा दिवस असंच. मग ही लोकं राहायला आली, बाळ आलं. त्या दिवसापासून बघा."

त्याने पाहिलं. सव्वीस. एकोणतीस. अठ्ठावीस. आणि रोज दुपारी, दीडदोन तासांपुरतं, पुन्हा सात.

"यंत्र बिघडलं असेल."

"दोन आहेत," ती म्हणाली. "दोन्हीत तेच आहे. दुपारी पातेलं रिकामं होतं, अहो. बाळ झोपतं तेव्हा."

त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की दारं उघडी ठेवा असं आपण दोघांनीच सांगितलं होतं.

७

ती दोघं आत गेली तेव्हा सून खोलीच्या दारातच उभी होती. बाळ गादीवर झोपलं होतं, मुठी वळलेल्या, तोंड अर्धवट उघडं. खोलीत ऊन होतं, फुलाफुलांचा पडदा हलत होता, दूर कुणाची तरी शिट्टी वाजली. एवढी साधी दुपार.

"काकू, तुम्हाला एक दाखवायचं होतं," सून हळू आवाजात म्हणाली. "मी हिच्याखाली दुलई अगदी सरळ घालते. आणि उठवायला येते तेव्हा अशी असते."

जाड कापसाची दुलई होती. बाळाभोवती, हातभर अंतरावर, ती दबलेली होती. गोल. कुणीतरी मोठं टायर ठेवून उचलावं तशी. पण टायर उचललं की कापूस वर येतो, आणि हा येत नव्हता.

"मला वाटलं, बाळच लोळत असेल," सून म्हणाली.

"तीन महिन्यांचं बाळ लोळत नाही," वायरमनीण म्हणाली. फार हळू म्हणाली, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं.

मिलिमीटरने फळीकडे पाहिलं. सरळ. त्याने पुन्हा दुलईकडे पाहिलं, आणि त्या गोलाच्या आतल्या बाजूला, बाळाच्या पायांशी, दुलईचा फुगीर भाग सावकाश, विचार केल्यासारखा, खाली बसत गेला. दुसरं वेटोळं.

मादी अजगर अंड्यांभोवती अशीच बसते. महिनोन्‌महिने. अंग थरथरवून त्यांना ऊब देते. हे त्याला डॉक्टरांनीच कधीतरी सांगितलं होतं, मोठ्या कौतुकाने.

सून किंचाळली नाही. तिने चार पावलांत खोली ओलांडली आणि बाळाला दोन्ही हातांनी वर उचलून घेतलं. बाळ दचकून रडू लागलं. दुलई तशीच दबलेली. आता मधे कुणी नव्हतं आणि कडं मात्र होतं.

"काय झालं?" डॉक्टर काठी टेकत दारात आले. ते क्षणभर उभे राहिले, मान जराशी कलती, दाराची घंटा वाजली की काय ऐकावं तशी. त्यांना गादी दिसत नव्हती. पण त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि मिलिमीटरला कळलं की यांना यातलं काही नवं नाही.

"थोरले," डॉक्टर म्हणाले. "चल बरं आत. पोर घाबरलीय."

दुलई फुगून वर आली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग थोडा वेळ काहीच नाही. मग फळी करकरली. मिलिमीटरने दोन्ही दारं सरकवली आणि दोन्ही कुलपं लावली. लाल पट्टी झाकली गेली.

"टिकेल ना, काका?" सुनेने विचारलं.

पेटारा वजन असलेल्या जिवासाठी बांधला होता. काच, खाच, जाळी, सगळं त्याच हिशेबाने.

"टिकेल," तो म्हणाला.

८

तीन दिवस बाळ रडलं. बालरोगतज्ज्ञांनी पोट पाहिलं, कान पाहिले, ताप मोजला. काही नाही. दूध तोंडात धरायचं आणि सोडून द्यायचं. डोळा लागला न लागला की हात पसरून काहीतरी शोधायचं आणि किंचाळत उठायचं. धाकट्याला घरात कुणी काही सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, हवा बदलली म्हणून असेल.

चौथ्या दिवशी सकाळी सुनेने मिलिमीटरला आणि वायरमनीणला बोलावून घेतलं. तिचे डोळे सुजलेले होते. बाळ खांद्यावर, हुंदके देऊन थकलेलं. ती त्यांना पेटाऱ्यापाशी घेऊन गेली आणि काचेकडे बोट केलं.

खालच्या खाचेपासून दोन बोटं वर, काचेवर एक अंधूक पट्टा उमटला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन:पुन्हा, एकाच उंचीवर. ओलसर बोट फिरवल्यासारखा.

"मी पुसून पाहिला," ती म्हणाली. "बाहेरून जात नाही. आतून आहे."

मिलिमीटरला तो पट्टा काय आहे ते सांगायची गरज नव्हती. असे पट्टे त्याने डझनावारी पेटाऱ्यांच्या काचांवर पाहिले होते.

"ती नाक घासतेय, काका," सुनेचा आवाज फुटला. "तीन दिवस. तिला जखम होईल."

वायरमनीणने तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. चार वर्षं जिला ही पोर बिचकत होती, जिला पुरल्याचं ऐकून तिने सुटकेचा श्वास टाकला असेल, तिच्या नाकाची हिला काळजी पडली होती.

"पोरी, मी कुलूप काढणार नाही," मिलिमीटर म्हणाला. "मी पेटारे कशासाठी बांधतो? उद्या काही झालं तर..."

"काय होईल?"

चौदा फुटी अजगराने काय होऊ शकतं हे तो तासभर सांगू शकला असता. हे तो कधी शिकला नव्हता.

"महिनाभर ती रोज बाळापाशी येत होती," सून म्हणाली. "दारं उघडी होती. मी बाहेर कपडे वाळत घालत होते, गाणी लावून. तिला काही करायचं असतं तर तिने केलं असतं. मला भीती वाटते, काका. पण पोर रडतेय आणि ही घासतेय, आणि मधे मी उभी आहे किल्ली घेऊन."

पुढच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. हे सुनेचं घर होतं, तिनेच ठरवायचं होतं, एवढं ते मानत होते.

"बाळ तुझ्या हातात राहील," मिलिमीटर शेवटी म्हणाला. "गादीवर ठेवायचं नाही. आम्ही दोघं इथून हलणार नाही."

९

त्याने कुलपं काढली. दारं सरकवली. लाल पट्टी उघडी पडली.

सून भिंतीला पाठ लावून उभी होती, अनवाणी, बाळाला छातीशी धरून. वायरमनीण यंत्रापाशी. मिलिमीटर गुडघ्यांवर बसला होता आणि फळीच्या खाली त्याने मापाची पट्टी धरली होती, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. चार मिलिमीटर. बाळ मधूनमधून हुंदका देत होतं. पडदा हलत होता.

करकर झाली. त्याच्या डोळ्यांदेखत फळी वर आली. साडेतीन. दोन. एक. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, जसं लांब ओझं घरंगळत उतरावं.

"उतरली," तो पुटपुटला.

जमिनीवर काही दिसत नव्हतं. फरशी स्वच्छ, उन्हाचा चौकोन, त्यात धूळ तरंगत होती. गादीवरची दुलई फुगलेली होती आणि फुगलेलीच राहिली. थोरली गादीकडे गेली नव्हती. सगळे दुलईकडेच पाहत होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मग वायरमनीणने श्वास आत ओढला.

बाळ गप्प झालं होतं. आईच्या खांद्यावरून मान वळवून ते खाली पाहत होतं. तीन महिन्यांची पोर कुणाकडे पाहून हसते तसं त्याच्या ओठांचं काहीतरी झालं.

"काका," सून म्हणाली. ओठ न हलवता म्हणाली. "माझ्या पायांवर..."

मिलिमीटर उठायला गेला. वायरमनीणने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सुनेच्या पावलांवर काहीच नव्हतं. गोरी, साधी पावलं, एका करंगळीला चिकटपट्टी. फक्त त्यांचा रंग बदलत होता. बोटं पांढरी पडत चालली होती, वर वजन आल्यावर पडतात तशी. आधी डावी. मग उजवी. मग घोट्याभोवती परकराचा काठ आत दबला, मागून पुढे, आणि तिथेच राहिला.

"घट्ट आहे का?" मिलिमीटरने विचारलं.

"नाही." तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. "जड आहे. ऊबदार आहे."

"हलू नकोस, बेटा," डॉक्टर दारातून म्हणाले. धूसर डोळ्यांनी ते कुठेतरी तिच्या गुडघ्यांच्या रोखाने पाहत होते. खुर्चीत बसलेल्या घाबरट पेशंटशी बोलावं तसा त्यांचा आवाज होता, मऊ आणि सरावाचा. "तिला घाई आवडत नाही. ती फक्त बघतेय, नवीन कोण आलंय ते. माझ्या बायकोजवळही पहिल्या दिवशी अशीच आली होती."

काही वेळ तसाच गेला. यंत्राने हीटर बंद केल्याची टिक झाली. बाळाचे डोळे मिटत आले, उघडले, मिटले. आईच्या खांद्यावर त्याची मूठ सुटली.

सुनेने बाळाला एका हातावर घेतलं. दुसरा हात मोकळा केला. मिलिमीटर 'नको' म्हणणार होता, पण तिच्या चेहऱ्यावर तो सतरा प्रश्न विचारणाऱ्या मुलीचा भाव होता, ओठ घट्ट आणि कपाळाला आठी, आणि त्याने शब्द गिळला.

ती वाकली. फार सावकाश, बाळ जागं होऊ नये म्हणून. बोटं पसरलेली होती. तिने आपल्या पावलांकडे हात नेला.

हात पावलांपर्यंत पोचला नाही. वीतभर वर थांबला, आणि तिथेच टेकला.